महापरिषदेची खुर्ची
लेखमाला : विद्यापीठ आणि सत्ता

गेल्या आठवड्यात जयपूरचं हरिदेव जोशी पत्रकारिता विद्यापीठ पाहिलं. काँग्रेस सरकारने २०१२ साली काढलं, भाजप सरकारने गुंडाळलं, २०१९ मध्ये काँग्रेसने परत थाटलं. भोपाळला अशी उघडझाप कधी झाली नाही. तिथे विद्यापीठाला टाळं ठोकायची गरजच पडत नाही. किल्ली आपोआप नव्या मालकाकडे जाते.

भोपाळचं माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता विद्यापीठ मध्य प्रदेश विधानसभेच्या १९९०च्या कायद्याने उभं राहिलं. सरकारी विद्यापीठ म्हटलं की कुलपती राज्यपाल, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथे मात्र सर्वोच्च मंडळ म्हणजे महापरिषद आणि तिचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. वर उपराष्ट्रपती कुलाध्यक्ष असतात, पण ते पद मानाचं. ज्याच्या कारभारावर बोट ठेवायला पोरांनी शिकायचं, तोच संस्थेचा यजमान! कायदा लिहिणाऱ्यांना यात काही खटकलं नसावं.

ही रचना पंधरा वर्षं कोणाला जाचली नाही, कारण २००३ ते २०१८ सरकार भाजपचंच होतं. त्यातली शेवटची आठेक वर्षं ब्रजकिशोर कुठियाला कुलगुरू होते. विद्यापीठात संघाचा विचार पेरला जातोय, असं काँग्रेस म्हणत राहिली. २०१७ मध्ये बिसनखेडीच्या नव्या आवारात गोशाळा काढायचं ठरलं, तेव्हा तर पत्रकारितेचा आणि गाईंचा संबंध काय, यावर देशभर चर्चा रंगली.

डिसेंबर २०१८ मध्ये काँग्रेसचे कमलनाथ मुख्यमंत्री म्हणून आले. काही महिन्यांपूर्वीच नेमलेले कुलगुरू जगदीश उपासने यांनी राजीनामा दिला. चौकशी समिती बसली, जुन्या नेमणुकांचे कागद उपसले गेले आणि पत्रकार दीपक तिवारी कुलगुरू झाले. मार्च २०२० मध्ये कमलनाथ सरकार कोसळलं, भाजपचे शिवराजसिंह चौहान मुख्यमंत्रिपदी परतले. तिवारीही गेले. त्याच वर्षी के. जी. सुरेश आले. माणसं चांगली की वाईट, हा वाद वेगळा. पण दोन वर्षांच्या आत दोन सरकारं बदलली आणि दोन्ही वेळा कुलगुरूही बदलले, हे नुसत्या योगायोगावर ढकलता येत नाही.

विद्यापीठ ज्यांच्या नावाचं, ते माखनलाल 'कर्मवीर'चे संपादक. ते पत्र १९२०मध्ये जबलपूरहून निघालं, त्यामागे माधवराव सप्रे होते. नागपूरहून 'हिंदी केसरी' काढणारे आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे ते मराठी गृहस्थ. माखनलालांनी इंग्रजांचा तुरुंग भोगला. पुढे १९६७मध्ये राजभाषा विधेयकाच्या निषेधार्थ त्यांनी स्वतंत्र भारताच्या सरकारला पद्मभूषणही परत केलं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात अध्यक्षाची खुर्ची आजही मुख्यमंत्र्यांचीच आहे.

पुढच्या आठवड्यात रायपूर. तिथल्या पत्रकारिता विद्यापीठात भांडण खुर्चीइतकंच पाटीवरच्या नावाचं आहे, आणि ते नाव धारच्या एका मराठी माणसाचं : कुशाभाऊ ठाकरे.