विश्लेषण : १० स्पीडचा डिरेलर १० स्पीडच्याच शिफ्टरला का चालत नाही?

सायकलचा एक शिफ्टर मोडतो आणि दुकानात उत्तर मिळते, 'हे मॉडेल आता येत नाही, अख्खा ग्रुपसेट बदला.' म्हणजे शिफ्टर, मागचा डिरेलर, कॅसेट, चेन आणि कधी कधी मागचे चाकसुद्धा. जुन्या सायकलच्या बाबतीत हा खर्च अनेकदा सायकलच्याच किमतीला जाऊन भिडतो. मग फ्रेम ठणठणीत असूनही सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. प्रत्यक्षात वेगवेगळ्या पिढ्यांचे अनेक भाग एकमेकांत छान चालतात. उलट खोक्यावर एकच आकडा छापलेले दोन भाग कधी कधी अजिबात जुळत नाहीत. असे का होते?

खटक्याचे गणित

'८ स्पीड', '१० स्पीड' हा आकडा मागच्या चाकावरील दातेरी चक्र्यांचा. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गिअरची दांडी अंदाजाने ओढावी लागे. चेन नीट बसली की नाही, हे कान सांगत. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस मालिकेत खटक्याचे शिफ्टिंग आणले आणि अंदाज संपला. एक खटका म्हणजे एक गिअर. मात्र त्यासोबत मापांची बांधिलकीही आली.

खटका दाबला की शिफ्टर ठरावीक लांबीची केबल ओढतो. डिरेलर त्या लांबीला आपल्या प्रमाणाने गुणतो आणि तेवढा बाजूला सरकतो. हे सरकणे दोन चक्र्यांमधल्या अंतराइतके असेल, तर गिअर बिनबोभाट पडतो. शिमानोच्या ९ स्पीडपर्यंतच्या जवळपास सर्व डिरेलरमध्ये हे प्रमाण सुमारे १.७ आहे (ड्युरा-एसची जुनी ७४०० मालिका हा अपवाद). ८ स्पीडचा शिफ्टर एका खटक्याला २.८ मिलिमीटर केबल ओढतो. २.८ गुणिले १.७ म्हणजे ४.७६. ८ स्पीड कॅसेटवरील अंतर आहे ४.८ मिलिमीटर. हिशेब जुळला.

आता त्याच कॅसेटला ९ स्पीडचा शिफ्टर लावला तर? तो २.५ मिलिमीटरच ओढतो, म्हणजे डिरेलर सुमारे ४.२५ मिलिमीटर सरकतो. प्रत्येक खटक्याला अर्धा मिलिमीटर कमी. पहिल्या एक-दोन गिअरला काही जाणवत नाही, पण चूक साचत जाते आणि पाचव्या-सहाव्या गिअरला चेन दोन चक्र्यांच्या मध्येच कुरकुरत राहते.

या गणितात डिरेलरला स्वतःचा 'स्पीड' नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गिअर मोजतो तो शिफ्टर. त्यामुळे शिफ्टर आणि कॅसेट एकाच पिढीचे हवेत, डिरेलर मात्र योग्य प्रमाणाचा असला की पुरे.

९ चालतो, १० नाही

रोड सायकलच्या १० स्पीडमध्येही शिमानोने १.७ हेच प्रमाण ठेवले. शिफ्टर २.३ मिलिमीटर ओढतो, चक्र्यांमधले अंतर ३.९५. पण २०१०च्या सुमारास माउंटन बाइकसाठी १० स्पीड आणताना कंपनीने प्रमाण बदलून सुमारे १.२ केले. चिखल आणि घर्षणाने बिघडणारे शिफ्टिंग सुधारावे म्हणून जास्त केबल ओढायची, डिरेलर कमी सरकवायचा.

परिणाम असा की १० स्पीडच्या रोड शिफ्टरला १० स्पीडचा माउंटन डिरेलर जोडला तर तो जेमतेम २.८ मिलिमीटर सरकतो. गिअर पडतच नाही. त्याच शिफ्टरला जुना ९ स्पीडचा माउंटन डिरेलर मात्र चपखल बसतो. लांब पल्ल्याचे सायकलस्वार ही जोडी मुद्दाम वापरतात. त्या काळातील आखूड केजचे रोड डिरेलर साधारण २८-३० दातांची चक्री सांभाळत, तर माउंटनचे ३४ दातांची. सामान लादून घाट चढताना हे चार दात म्हणजे बसून चढणे आणि उतरून ढकलणे यातला फरक. अट एकच, चेन पुरेशी लांब हवी. आखूड चेन मोठ्या चक्रीवर ताणली गेली, तर डिरेलर हँगरसकट उखडून चाकात जाऊ शकतो.

२०१२ मध्ये रोडवर ११ स्पीड आले आणि प्रमाण पुन्हा बदलून १.४ झाले. त्यातही गोंधळ आहेच. २०१५ची टियाग्रा ४७०० मालिका १० स्पीडची, पण तिचे प्रमाण ११ स्पीडचे. आधीच्या १० स्पीडशी तिचे जमत नाही. स्रॅमचे गणित तर पूर्ण वेगळे, त्यामुळे त्यांचा शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलर ही जोडी सहसा टाळलेली बरी.

चेन आणि चाक

चेनचे तुलनेने सोपे आहे. कडीची लांबी सगळीकडे अर्धा इंच, फरक रुंदीचा. ८ स्पीडची चेन बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर, ९ स्पीडची ६.६. म्हणून ९ची चेन ८च्या कॅसेटवर चालते, पण ८ची चेन ९वर शेजारच्या चक्रीला घासते.

खरी अडचण चाकात असते. २१ गिअरच्या बहुतेक स्वस्त सायकलींत पुढे ३ आणि मागे ७ चक्र्या असतात. मागचे फ्रीव्हील आट्यांवर बसते. त्यावर ९ स्पीडची कॅसेट चढणार नाही, चाकच बदलावे लागेल. कॅसेटचे चाक असेल, तर शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडसाठी हब एकच. ११ स्पीडच्या रोड हबवर जुनी कॅसेट बसवायची, तर मागे १.८५ मिलिमीटरची चकती पुरते.

या गुंत्यावर शिमानोनेच २०२३ मध्ये क्यूज मालिका आणली. तिच्यात ९, १० आणि ११ स्पीडला एकच चेन आणि चक्र्यांमधले अंतरही एकच. पण जुन्या सायकलींना तिचा उपयोग नाही, कारण क्यूजचे भाग आधीच्या पिढ्यांशी जुळत नाहीत.

त्यांच्यासाठी कामाचा आहे तो डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला क्रमांक. आरडी-एम५९१ आणि आरडी-एम६१० हे दोन्ही डिओरे मालिकेचे. पहिला ९ स्पीडचा, प्रमाण १.७. दुसरा १० स्पीडचा, प्रमाण १.२. सुटे भाग मागवण्यापूर्वी हा क्रमांक पुसून, मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवावा. आणि चेन किती झिजली आहे, तेही त्याच वेळी मोजून घ्यावे. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन टाकली की ती उड्या मारते, आणि दोष मात्र न जुळणाऱ्या भागांना दिला जातो.