पेरिप्लसच्या अनाम लेखकाचा माग

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे ग्रीक प्रवासवर्णन वाचताना मी नकाशा आणि राजांच्या कारकिर्दींचा तक्ता हाताशी ठेवतो. लेखकाने स्वतःचं नाव कुठेच दिलेलं नाही. याची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्गला आहे. तिच्यात हा मजकूर ग्रीक इतिहासकार अ‍ॅरियनच्या लेखनासोबत आल्यामुळे १५३३ साली छापला गेल्यानंतरही तो बराच काळ अ‍ॅरियनच्या नावावर खपला.

अशा लेखकाचा माग त्याच्या सहज बोलून गेलेल्या गोष्टींतून लागतो. परमुलखातली झाडं तो आपल्याकडच्या, म्हणजे इजिप्तच्या झाडांशी ताडून पाहतो. जहाजं केव्हा हाकारावीत हे सांगताना रोमन महिन्यासोबत इजिप्तचा महिनाही देतो. कुठल्या बंदरात काय खपतं, राजाला नजराणा काय न्यावा, हे त्याला तोंडपाठ. म्हणजे हा इजिप्तमध्ये राहणारा, दर्यावर्दी ग्रीकभाषी व्यापारी.

काळ ठरवायला राजे कामी येतात. पेट्राचा राजा म्हणून तो मालिखसचं नाव घेतो. दुसऱ्या मालिखसची कारकीर्द इ. स. ४० ते ७० अशी आहे. भडोचकडच्या राजाचं नाव नकलेत बिघडलं आहे, पण बहुतेक अभ्यासक तो क्षत्रप नहपान असल्याचं मानतात. नहपानाचं नाव नाशिक, कार्ले, जुन्नरच्या लेण्यांत कोरलेलं आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हे सगळं जुळवलं की ग्रंथ पहिल्या शतकाच्या मध्यावर येऊन टेकतो. कल्याणला चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात, ही त्याची नोंद मग क्षत्रप-सातवाहनांच्या झगड्यातली ताजी बातमी म्हणून वाचता येते.

सगळ्यात चिवट कोडं ‘तगर’चं होतं. पैठणहून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जातं, एवढंच तो सांगतो. अभ्यासकांनी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावं सुचवली. १९०१ मध्ये पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी ते धाराशिव जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं तेर असल्याचं मांडलं. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, त्यामुळे नगराचं नाव आणि मोठेपण यांना ताम्रपटांचा आधार होताच. पुढे तेरच्या पांढरीतून रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा निघाल्या. तिथल्या संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीत पॉम्पेईला सापडलेली तशीच मूर्ती आठवल्यावाचून राहत नाही.

या व्यापाऱ्याचं नाव कळलं तर मला आनंदच होईल. पण त्याचा शब्द खरा मानायचा की नाही, हे त्या नावावर अवलंबून नाही. नाणं, लेणं, ताम्रपट आणि पांढरीची माती असे एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार त्याच्या बाजूने उभे राहतात, तेव्हाच तो शब्द इतिहासात जमा होतो.