वजन किती उतरलं, हे नेमकं कसं मोजायचं?

दोन बायकांचं उदाहरण घेऊ. एक तुळजापूरची, दुसरी उमरग्याची. उंची दोघींचीही १६० सेंटिमीटर. पहिलीचं वजन ९६ किलो, दुसरीचं १२८. दोघींनी बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे पोट लहान करण्याचं ऑपरेशन, करून घेतलं. वर्षभरानं पहिली ७२ किलोवर आली, दुसरी ९६ वर. जास्त गुण कुणाला आला?

किलोत मोजलं तर दुसरीला. तिचे ३२ उतरले, पहिलीचे २४. पण शल्यचिकित्सक वर्षानुवर्षं ‘जादा वजना’चा हिशेब करत आले. १६० सेंटिमीटर उंचीला बीएमआय २५ धरला तर वजन येतं ६४ किलो. त्याच्या वर पहिलीचे ३२ किलो होते, त्यातले २४ गेले. म्हणजे ७५ टक्के. दुसरीचे ६४ किलो जादा होते, त्यातले निम्मे गेले. या हिशेबात पहिली पुढे. आणि मूळ वजनाच्या किती टक्के उतरलं असं विचारलं, तर दोघी अगदी बरोबरीत: प्रत्येकीचं पाव वजन गेलं आहे.

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला पेच रोजचा आहे. जादा वजनाच्या हिशेबात सर्वांत लठ्ठ रुग्ण नेहमीच मागे पडलेला दिसतो आणि उगाच खचतो. म्हणून आता मूळ वजनाच्या टक्केवारीकडे कल वाढला आहे.

पण मूळ वजन कोणतं? ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे रुग्णाला अगदी कमी उष्मांकाचा आहार देतात. जठरावर यकृताचा डावा भाग असतो. चरबीनं फुगलेलं यकृत या आहारानं आक्रसतं आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. या पंधरवड्यातही काही किलो उतरतात. १२८ किलोची बाई टेबलावर येईपर्यंत १२२ झाली असेल, तर वर्षभरानं तिचे ३२ किलो गेले की २६? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त सुरुवात वेगळी आहे. म्हणून पहिल्या भेटीचं आणि ऑपरेशनच्या दिवसाचं, अशी दोन्ही वजनं तारखेसह लिहून ठेवायला हवीत.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे, असं त्यांनी २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका जाहीर सभेत सांगितलं. हिशेबानं ही घट ३१ टक्के भरते. तिचं मोल कळतं ते मधल्या वर्षांमुळे.

कारण या वजनाचा आलेख सरळ उतरत नाही. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. त्याबरोबर भुकेचं संप्रेरक घ्रेलिन तयार करणारा बराचसा भाग जातो. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पहिल्या आठवड्यांत वजन झपाट्यानं उतरतं, पण त्यात पाणीही असतं: शरीरात साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं आणि तेही जातं. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास काटा अडतो. रुग्ण घाबरतो, घरचे म्हणतात पैसे वाया गेले. तसं काही नसतं. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी अनशापोटी वजन करावं. रोज करू नये.

वजन सर्वांत खाली जातं साधारण एक ते दोन वर्षांनी. त्यानंतर थोडं परत येतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के घटलेलं होतं, दहा वर्षांनी १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे थोडं परत येणं हे अपयश नव्हे. ते किती आणि कधी आलं, हे नोंदींतूनच कळतं.

शिवाय नुसतं वजन अपुरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच मापं छापली. बीएमआय दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या अंगावर चरबी लपून राहते, म्हणून कंबरेचा घेर मोजायलाच हवा. ऑपरेशननंतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तो तोटा कमी राहावा म्हणून दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात. ताटात आधी घट्ट वरण, अंडं, पनीर किंवा मटण. ज्वारीची भाकरी नंतर, जागा उरली तर. कुंथलगिरीचा पेढा बायपासच्या रुग्णाला घाम, धडधड आणि जुलाब आणू शकतो. नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपवासात साबुदाण्यावर राहिलं तर प्रथिनं बुडतात. तो धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

मधुमेह्यांची साखर अनेकदा वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. इन्सुलिनची मात्रा तातडीनं बदलावी लागते. बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व यांची तूट हळूहळू वाढते, शाकाहारी माणसाला तिचा धोका जास्त. सतत उलट्या होत असतील तर बी-१ संपून मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा वाट पाहू नये.

अशा शस्त्रक्रियांची मोठी केंद्रं पुण्या-मुंबईत आहेत. तपासणीला तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी जायचं असतं. परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या माणसाची प्रत्येक फेरीला मजुरी बुडते, आणि बरं वाटू लागलं की फेऱ्या थांबतात. नेमकी त्याच वर्षांत तूट वाढते आणि वजन परततं. वजन, कंबर, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन ही तपासणी तालुक्याला होऊ शकते. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शहरातल्या शल्यचिकित्सकानं रुग्णाच्या हाती मराठीत छापलेलं नोंदपत्रक द्यावं, गावाकडच्या डॉक्टरनं ते भरावं आणि काही बिघडलं तर दोघांनी फोनवर बोलावं. ऑपरेशनच्या खर्चापुढे याचा खर्च नगण्य आहे. ऑपरेशन ठरवतानाच रुग्णानं विचारावं: पाचव्या वर्षी माझी तपासणी कोण करणार? उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नये.