गायरानाचा कागद अडतो कुठे?

राज्य म्हणजे मुंबईतले विधिमंडळ, अशी आपली समजूत असते. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावी गायरान कसणाऱ्या भूमिहीनाला राज्य भेटते ते तलाठ्याच्या दप्तरात. सेनगाव तालुक्यातील हे गाव १९४८ साली निजामी राजवटीतून सुटले, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात आले. १९९९ साली परभणीतून वेगळा हिंगोली जिल्हा झाला. राज्ये बदलली. पटवारी जाऊन तलाठी आला, पण जमिनीची वही महसूल खात्याकडेच राहिली.

कार्यकर्त्यांनी येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. गावात सत्तेच्या दोन साखळ्या उतरतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही निवडून येणारी. तिचे आजचे रूप १९६२ पासूनचे. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी ही नेमलेली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून सरपंचपदापर्यंत राखीव जागा आल्या, त्या पहिल्या साखळीत. जमीन राहिली दुसरीत. आपला सरपंच खुर्चीवर बसतो, गटाराचे बिल मंजूर करतो. गायरानाचा तुकडा मात्र त्याला कोणाच्या नावे करता येत नाही. आणि पहिली साखळीही सरकारच्या मर्जीने रिकामी राहू शकते. मार्च २०२२ मध्ये हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत संपली नि तेथे प्रशासक बसला.

मग भूमिहीनांना काहीच मिळाले नाही काय? मिळाले, पण तुरुंग भरून. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पूर्वी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. अंमल तहसील कचेरीचा! शासन निर्णय म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. तो अधिकाऱ्याला दिलेला आदेश असतो आणि तो पाळायचा तर अधिकारी पुरावा मागतो. पुरावा कोणता? गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि दंडाची पावती. ज्याला तलाठ्याने दंड केला त्याचा कब्जा सिद्ध होतो. ज्याच्या बांधावर तलाठी फिरकलाच नाही, त्याने वीस वर्षे ज्वारी पिकवली तरी कागदावर तो तेथे नसतोच.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनेही तसा शासन निर्णय काढला. तेव्हापासून हटवण्याच्या नोटिशीत या निकालाचा दाखला हमखास असतो. पण निकालात एक अपवादही लिहिलेला आहे. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, तर ते प्रकरण नियमित करता येते. नोटिशीत हे वाक्य सहसा नसते. उत्तर लिहिताना ते आपण घालावे, आणि त्याआधी एक-ईची नक्कल काढून ठेवावी.