जुन्या चेतकचा प्लग

आमच्या अलिबाग-रेवदंडा भागात मासळीच्या टोपल्या बांधलेली जुनी बजाज चेतक अजून दिसते. १९७२ साली बाजारात आलेल्या या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑईलही जळते. त्यामुळे प्लगवर काजळी धरते, ठिणगी मंदावते आणि पहाटे किक मारता मारता बाजार हुकतो. मासळी काही थांबत नाही!

प्लग इंजिन गार असतानाच खोलावा. नव्याचा गॅप फिलर गेजने ०.६ मिलिमीटर ठेवावा. पाते किंचित घासत सरकले पाहिजे. गॅप जास्त झाला तर किकच्या जोरावर ठिणगी उडी घेत नाही, कमी झाला तर ती दुबळी पडते. वाकवायची ती बाहेरची पट्टी. मधल्या दांडीवर जोर दिल्यास चिनीमाती तडकते. हेड ॲल्युमिनियमचे, म्हणून प्लग आधी हातानेच फिरवावा, पाना शेवटी. आटे आडवे गेले तर हेडच उतरवावे लागते.