पतंग, पॅसिफिक आणि पीककर्ज

आमच्या उंद्रीत पतंग उडतो संक्रांतीला आणि समुद्र दिसतो टीव्हीवर. चिखली तालुक्यातल्या या गावाला मोठे पाणी म्हणजे जिल्ह्यातलेच लोणारचे सरोवर. ते खारे खरे, पण त्याला भरती नाही की ओहोटी नाही. त्यामुळे गेल्या संक्रांतीला तीळगूळ हातावर ठेवता ठेवता सौ. जेव्हा म्हणाली, "अहो, यंदा फिजीला जाऊ. मला पतंगाला बांधून समुद्रावरून जायचंय," तेव्हा लाडू माझ्या हातातच राहिला.

ती बासष्टची, मी सहासष्टचा. दोष नातवाचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा पहिल्यांदाच समावेश झाला आणि त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या. त्या त्याने आजीला दाखवल्या. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वर वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांवर भला मोठा पतंग, आणि वारा माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. याला काइटसर्फिंग म्हणतात. पाण्यात पडला तरी बुडू नये आणि पुन्हा उचलता यावा, असा हवा भरलेला पतंग फ्रान्समधल्या लेगेन्यू बंधूंनी शोधला. त्याचे पेटंट १९८४ चे. त्या वर्षी मी बँकेच्या एका खेड्यातल्या शाखेत पीककर्जाचे अर्ज तपासत होतो.

"तुला पोहता तरी येतं का?" मी विचारले. प्रश्न चुकला. ती आठ वर्षांची असताना पाठीला वाळलेला भोपळा बांधून माहेरच्या विहिरीत पोहायला शिकली होती. पोहता येत नाही ते मला!

मग जुन्या सवयीने मी कागदपत्रे जमवायला लागलो. फिजी तिने निवडले त्याला कारण होते. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी सुमारे साठ हजार भारतीय मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले. त्या 'गिरमिटियां'च्या वंशजांमुळे तिथे आजही हिंदी चालते. मुख्य बेटाच्या उत्तरेला नानानू-इ-रा नावाचे छोटे बेट या खेळासाठी प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ; २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन नावाच्या चक्रीवादळाने तो देश झोडपून काढला होता. म्हणजे जायचे ते मे ते ऑक्टोबर या काळात, जेव्हा आग्नेयेकडून व्यापारी वारे नेमाने वाहतात.

व्यापारी वारे! शाळेत भूगोलाच्या पेपरात टीप लिहा म्हणून आलेले आणि मग विसरलेले हे वारे मला इथे पुन्हा भेटले. आणि वाचता वाचता मी चपापलो.

हेच वारे पॅसिफिकचे तापलेले पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतात. ते मंदावले की गरम पाणी पूर्वेकडे पसरते, ढगांचे बस्तान हलते, आणि पुष्कळदा आपला मोसमी पाऊस रुसतो. हाच एल निनो. १८९९ च्या, छप्पनच्या, दुष्काळानंतर भारताच्या पावसाचा अंदाज कसा बांधावा या प्रश्नाच्या मागे लागलेल्या गिल्बर्ट वॉकर या हवामान खात्याच्या प्रमुखाने पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या हवेच्या दाबाचा झोपाळा ओळखला. १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही सगळी एल निनोची वर्षे. हिशोब दर वेळी जुळतोच असे नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी पाऊस सरासरीइतका झाला. पण १९७२ ची सुकडी आणि खडी फोडणारी माणसे पाहिलेल्याला ही यादी कोरडी वाटत नाही.

माझी सारी नोकरी या यादीतच गेली. आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की कर्जांचे पुनर्गठन, आणि टेबलासमोर टोपी हातात धरून उभा असलेला शेतकरी. "साहेब, पाऊसच नाही झाला." मी मान हलवून फॉर्म पुढे सरकवत असे. पाऊस का झाला नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. ज्या वाऱ्यावर माझ्या बायकोला आता खेळायचे होते, तो वारा तिकडे पडला होता.

हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि कपाटातून एक वही आणली. त्यात आमच्या न झालेल्या प्रवासांची यादी होती. १९८७, कन्याकुमारी: वसुलीमुळे रद्द. २००२, काश्मीर: दुष्काळ, रजा नामंजूर. निवृत्तीनंतरचीही एक ओळ होती. २०२३ चा ऑगस्ट, १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन माना टाकत होते आणि मी पुतण्याला एकटे कसे सोडायचे म्हणून अंदमानची तिकिटे परत केली होती.

"तुमचा पाऊस पडला नाही की माझा प्रवास बुडायचा," ती म्हणाली. "आज कळलं, दोन्हींचं कारण एकच होतं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. पावसाची सबब शेतकऱ्यांकडून ऐकता ऐकता मी घरात तीच सबब देत आलो होतो, आणि माझ्या कर्जाचे पुनर्गठन ती बिचारी दर वेळी मुकाट्याने करत आली होती.

जुलै ठरला आहे. पेरणी पुतण्या सांभाळेल. दुबार पेरणीची वेळ आली तर काय, असे मी विचारलेच. "पाऊस पडला तरी जाऊ, नाही पडला तरी जाऊ," हे तिचे उत्तर. त्याआधी गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर ती चार धडे घेणार आहे. तिथे झेपले नाही तर फिजीत नुसते पाण्यात डुंबायचे, एवढी तडजोड तिने मान्य केली. एक मुदत ठेव मी मोडली. पूर्वी प्रवाशाला किती परकीय चलन दिले याची नोंद बँक पासपोर्टवर करत असे. आता तेवढीही तसदी नाही.

माझे काम? या खेळात किनाऱ्यावर पतंग धरून उभे राहणारा आणि खूण मिळताच तो सोडणारा एक माणूस लागतो. लहानपणी मी थोरल्या भावाची चक्री धरत असे, तेव्हा अनुभव आहे. पण सौ.ची अट आहे की किनाऱ्यावर उभे राहायचे तरी पोहता आले पाहिजे. शेतातल्या विहिरीला सध्या बरे पाणी आहे. हल्लीची पोरे पाठीला प्लास्टिकचा रिकामा कॅन बांधतात. तिचा त्यावर विश्वास नाही. वाळलेला भोपळा कुणाकडे मिळतो का, हे विचारायला ती आत्ताच शेजारी गेली आहे.