नवी हार्ड डिस्क दिसत नाही? घाबरू नका!

दिवाळीच्या खरेदीत हल्ली फराळाच्या सामानाबरोबर हार्ड डिस्कचे खोकेही घरी येते. नगरच्या सावेडीत असो की संगमनेर-श्रीरामपुरात, मुलाची मुंज, लेकीचे लग्न आणि आजोबांची शेवटची छायाचित्रे ज्या संगणकात साठली आहेत, त्यात आता जागा उरलेली नसते. मग नवी डिस्क बसविली जाते, यंत्र सुरू होते, आणि ती पडद्यावर दिसतच नाही! दुकानदाराने फसविले, असा निकाल देण्यापूर्वी वाचकांनी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली वायरींची. संगणक बंद करून विजेची पिन काढा. डिस्कला दोन वायरी लागतात. एक विजेची, दुसरी माहितीची. दोन्ही घट्ट बसल्या आहेत ना?

दुसरी गोष्ट ‘बायोस’ची. यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली की बहुतेक संगणकांत हे पान उघडते. तेथे डिस्कचे नाव नसेल, तर माहितीची वायर बदला, दुसऱ्या खाचेत लावा. दुसऱ्या संगणकावरही ती दिसली नाही, तरच दुकानाची वाट धरा.

बायोसात नाव आहे, पण विंडोजमध्ये नाही? मग तिसरी गोष्ट. कोरी डिस्क म्हणजे आखणी न केलेला भूखंड. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘जीपीटी’ पद्धत निवडा; जुन्या ‘एमबीआर’ला साधारण २ टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही. मग विभाग पाडा, फॉरमॅट करा आणि अक्षर द्या. दारावर नंबरच नसेल, तर पोस्टमनने पत्र टाकावे कोठे?

चौथी गोष्ट हिशेबाची. १ टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइट दाखवते. कारखानदार १००० च्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या. ही फसवणूक नव्हे.

मात्र एक सावधगिरी हवीच. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. आकडा पाहून नवी डिस्क ओळखा. जुन्या डिस्कबद्दल असा प्रश्न आला, तर ‘नाही’ म्हणा.

१९५६ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरे. १९४४ साली नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी लिहिलेला ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ त्यात सहज मावला असता. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये सबंध घराण्याचा इतिहास मावतो. म्हणूनच तो एकाच ठिकाणी ठेवू नये. नव्या डिस्कवर नक्कल झाली, तरी जुनी जपून कपाटात ठेवा.